जुन्या आर्डुइनोची पहिली संध्याकाळ

मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे करून नोकरीच्या गावी निघून गेली, की मागे घरात एक खोका राहतो. त्यात गुंतागुंत झालेल्या तारा, दोनचार संपलेले सेल, कॉलेजच्या प्रकल्पाची एखादी वही आणि पुष्कळदा तळहातावर मावेल एवढा एक निळा बोर्ड असतो. दिवाळीची झाडलोट निघाली म्हणजे हा खोका बाहेर येतो आणि ‘हे ठेवायचे की टाकायचे?’ असा प्रश्न घरात उभा राहतो. प्रस्तुत लेख त्या निळ्या बोर्डासंबंधी आहे. घरातील धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या एखाद्या जिज्ञासू मुलीला त्यावर हात चालवून पाहावयाचा असेल, तर आरंभ कसा करावा आणि तो कोठे अडतो, हे येथे सांगावयाचे आहे.

कोठे अडते, याला महत्त्व अधिक आहे. अशा बोर्डाशी प्रथमच गाठ पडलेल्या मुलाची पहिली संध्याकाळ बहुधा निराशेत जाते. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सर्व जोडणी केलेली असते, परंतु संगणकाच्या पडद्यावर तांबूस अक्षरांत एक इंग्रजी तक्रार उमटते आणि पुन:पुन्हा तीच उमटत राहते. मुलाला वाटते, आपल्याला हे जमण्यासारखे नाही. वडील माणसांना वाटते, वस्तू जुनी आहे, ती बिघडलीच असणार. या दोन समजुतींपायी कितीतरी चांगले बोर्ड भंगारात गेले असतील आणि कितीतरी मुलांनी हा नाद सोडून दिला असेल. वास्तविक दोष मुलाचाही नसतो आणि बोर्डाचाही नसतो. संगणकाला बोर्डाची ओळख चुकीची सांगितली गेलेली असते, एवढेच.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. बोर्डाच्या मधोमध काळ्या रंगाची, दोन्ही अंगांना चौदाचौदा पाय असलेली एक लांबट चिप दिसते. तिला इंग्रजीत मायक्रोकंट्रोलर म्हणतात. कोशकारांनी तिच्यासाठी ‘सूक्ष्मनियंत्रक’ असा शब्द योजिला आहे. शब्द चांगला आहे, परंतु बाजारात तो उच्चारला तर दुकानदार तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. म्हणून येथे आपण तिला ‘चिप’ असेच म्हणू. कपडे धुण्याचे यंत्र, लिफ्ट, रिक्षाचा मीटर, वजनाचा काटा या सर्वांच्या पोटात अशीच एखादी चिप बसलेली असते. ती संगणकच आहे, पण एका कामाला वाहिलेला. पडदा नाही, कळफलक नाही. बाहेरून आलेले विद्युत्‌संकेत वाचावयाचे, दिलेल्या आज्ञांप्रमाणे विचार करावयाचा आणि दुसऱ्या बाजूने संकेत बाहेर पाठवावयाचे, एवढाच तिचा संसार. चिपेभोवती जो बोर्ड आहे, तो तिला वीज पुरविण्यासाठी, संगणकाशी बोलण्यासाठी आणि तिचे पाय सहज हाती यावेत म्हणून केलेली सोय आहे.

या बोर्डाचा जन्म इटलीत, तुरीन शहराजवळील इव्रेआ या गावी २००५ साली झाला. टंकलेखन यंत्रे बनविणाऱ्या ऑलिव्हेट्टी कंपनीचे हे गाव. तेथील आकल्पनाच्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांना विजेच्या साधनांवर प्रयोग करावयाचे असत, परंतु त्या वेळी उपलब्ध असलेली साधने विद्यार्थ्यांच्या खिशाला जड जात. एर्नान्दो बर्रागान या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाची एक सोपी पद्धत अगोदर सिद्ध केली होती. त्या पायावर मास्सिमो बान्झी हे अध्यापक आणि त्यांचे सहकारी दाव्हिद क्वार्तिएयेस, टॉम आयगो, जानलूका मार्तीनो व डेव्हिड मेलिस यांनी आर्डुइनो उभा केला. गावात एक मद्यगृह होते. इसवी सन १००२ मध्ये इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनचे नाव त्याला दिलेले होते आणि तेच पुढे या बोर्डाला मिळाले. संस्था बंद होण्याच्या मार्गावर होती. आपले काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणून या मंडळींनी बोर्डाची संपूर्ण रचना सर्वांसाठी खुली केली. कोणीही ती पाहावी, सुधारावी, तयार करून विकावी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा दिल्लीचे लजपतराय मार्केट येथे स्वस्तात मिळणारे असंख्य बोर्ड याच औदार्याचे फळ आहे.

आता तुमच्या हातातील बोर्डाचे नाव शोधावे. बोर्ड उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहावा; अक्षरे बारीक असल्यास मोबाइलने छायाचित्र घेऊन ते मोठे करावे. २००९ ते २०११ च्या सुमारास शिकत असलेल्या मुलांच्या खोक्यात बहुधा ‘डुएमिलानोव्हे’ सापडतो. इटालियन भाषेत याचा अर्थ ‘दोन हजार नऊ’ असा होतो. त्याच्या आधीचा ‘डिएचिमिला’, म्हणजे ‘दहा हजार’. तितके बोर्ड तयार झाल्याच्या आनंदात २००७ साली हे नाव ठेवले गेले. या दोघांतील फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. डिएचिमिलावर यूएसबीच्या चौकोनी तोंडाजवळ एक छोटी टोपी असते आणि वीज संगणकातून घ्यावयाची की बाहेरून, हे ती टोपी हलवून ठरवावे लागते. डुएमिलानोव्हे हे काम आपले आपण करतो. सप्टेंबर २०१० मध्ये ‘ऊनो’ आला आणि या दोन्ही बोर्डांची चलती संपली. आजची जवळजवळ सर्व पुस्तके ऊनो समोर ठेवून लिहिलेली असतात. अडचणीचे मूळ येथेच आहे.

यापुढे हातात डुएमिलानोव्हे आहे असे धरून चालू. बोर्डाचे नाव कळल्यानंतर चिपेवरील अक्षरे वाचावी. तेथे ‘एटीमेगा१६८’ किंवा ‘एटीमेगा३२८’ असे लिहिलेले दिसेल. या बोर्डावर प्रथम १६८ बसविली जात असे आणि २००९ मध्ये तिची जागा ३२८ ने घेतली. पहिलीत आज्ञा साठविण्यासाठी १६ किलोबाइट जागा, तर दुसरीत ३२; कामचलाऊ स्मृती पहिलीत १ किलोबाइट, तर दुसरीत २. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण थोड्याच वेळात त्याची गरज पडणार आहे.

बोर्ड संगणकाला जोडण्याच्या आधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या चिपेत लिहिलेल्या आज्ञा वीज काढून घेतल्याने पुसल्या जात नाहीत. चिपेच्या निर्मात्यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे साध्या खोलीच्या तापमानात त्या शंभर वर्षे टिकाव्यात. म्हणजे तुमच्या ताईने कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जे काही चिपेत भरले असेल, ते आजही तेथे जसेच्या तसे आहे. बोर्डाला वीज मिळताच ते चालू होईल. कदाचित एखादा दिवा ठरावीक तालावर लुकलुकेल, कदाचित बाहेरून काहीच दिसणार नाही. परंतु तुम्ही नवीन आज्ञा पाठविल्या, की जुन्या कायमच्या गेल्या. चिपेतून जुन्या आज्ञा वाचून घेता येतात, पण त्या यंत्राच्या भाषेत मिळतात; ताईने मूळ लिहिलेला मजकूर त्यातून परत मिळत नाही. म्हणून पहिली तार लावण्यापूर्वी तिला एक दूरध्वनी करून विचारावे, हे बरे.

जोडणीसाठी चौकोनी तोंडाची यूएसबी केबल लागते. ही केबल आता नवीन साधनांबरोबर क्वचितच मिळते, परंतु जुन्या प्रिंटरची केबल हुबेहूब तीच असते. बोर्ड धातूच्या टेबलावर किंवा स्टीलच्या ताटात ठेवू नये. त्याच्या पोटाखाली उघडी टोके असतात. लाकडी पाट किंवा जाड वही चालेल. केबल लावताच विजेचा छोटा दिवा लागला पाहिजे. तो लागला, म्हणजे निम्मी चिंता दूर झाली.

संगणकावर आर्डुइनोची मोफत मिळणारी आज्ञावली बसवावी. तिच्या २०२२ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीतही हा जुना बोर्ड वगळलेला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. आता बोर्डांची यादी उघडल्यावर हात आपोआप ‘ऊनो’ या नावाकडे जातो, कारण पुस्तकात तसे लिहिलेले असते आणि दोन्ही बोर्ड दिसावयास भावंडांसारखे असतात. येथेच थांबावे. यादीत खाली ‘आर्डुइनो डुएमिलानोव्हे ऑर डिएचिमिला’ असे नाव आहे, ते निवडावे. त्यानंतर ‘प्रोसेसर’ या नावाची एक जास्तीची निवड दिसू लागते. तेथे वहीत लिहून ठेवलेली चिप निवडावी. ऊनोला ही निवड नसते, म्हणून पुस्तकात तिचा उल्लेख नसतो.

ही निवड चुकली तर काय होते? चिपेत ‘बूटलोडर’ नावाची एक छोटी आज्ञावली कायम राहते. तिला दारावरचा पहारेकरी समजावे. संगणकाकडून येणाऱ्या नव्या आज्ञा आत घेणे हे तिचे काम. परंतु हा पहारेकरी ठरावीक वेगाचेच बोलणे समजतो. १६८ चिपेतील पहारेकऱ्याशी सेकंदाला १९,२०० बिट या वेगाने बोलावे लागते, ३२८ च्या पहारेकऱ्याशी ५७,६०० ने आणि ऊनोच्या पहारेकऱ्याशी १,१५,२०० ने. तुम्ही यादीत ऊनो निवडलात, की संगणक भराभर बोलू लागतो. आतल्याला त्यातले अक्षरही कळत नाही. तो गप्प राहतो. मग संगणक ‘नॉट इन सिंक’, म्हणजे ‘ताल जुळत नाही’ अशी तक्रार दहा वेळा नोंदवून थांबतो. ती तांबूस अक्षरे ही. त्यांचा अर्थ बोर्ड मेला असा नाही.

निवड बरोबर असूनही तीच तक्रार आली, तर शून्य आणि एक क्रमांकाच्या पिनांना काही जोडलेले आहे का, ते पाहावे. संगणकाशी होणारे बोलणे याच दोन पिनांवरून जाते. तेथे दुसरी तार असेल तर मध्येच कोणी बडबड करावी तसे होते. आणखी एक शक्यता अशी, की बोर्डावर ‘रीसेट-ईएन’ अशी अक्षरे असलेल्या ठिकाणचा तांब्याचा बारीक पट्टा पूर्वीच्या मालकाने मुद्दाम कापलेला असेल. तसे असल्यास संगणकाला बोर्ड आपोआप पुन:प्रारंभ करता येत नाही. मग आज्ञा पाठविण्याच्या क्षणी बोर्डावरील छोटे बटण हाताने दाबावे. यात एकदोन वेळा चुकामूक होते, मग हात बसतो.

कधी कधी संगणकाला बोर्ड मुळी दिसतच नाही. पोर्टांच्या यादीत त्याचे नावच येत नाही. डुएमिलानोव्हेवर यूएसबीच्या तोंडाजवळ ‘एफटी२३२आरएल’ असे लिहिलेली एक चपटी चिप असते. ती दुभाष्याचे काम करते आणि तिच्यासाठी संगणकात ड्रायव्हर असावा लागतो. विंडोज तो बहुधा इंटरनेटवरून आपण होऊन मिळविते. लिनक्समध्ये ड्रायव्हर असतोच, परंतु वापरणाऱ्याचे नाव ‘डायलआउट’ या गटात घालावे लागते. या दुभाषी चिपेच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. २०१४ साली मूळ कंपनीने विंडोजसाठी असा एक ड्रायव्हर काढला, की तो नकली चिप ओळखून तिची ओळखसंख्याच शून्य करून टाकी. फार ओरड झाल्यावर तो मागे घेण्यात आला. नकल विकणारा मोकळा सुटला आणि अजाणता विकत घेणाऱ्याच्या घरातला बोर्ड मुका झाला, हा न्याय निदान मला तरी पटलेला नाही. तुमचा बोर्ड त्या काळात वापरलेला असेल आणि आज संगणकाला मुळीच दिसत नसेल, तर हेही एक कारण असू शकते.

पोर्ट दिसते, पण बोलणे होत नाही, अशा वेळी दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याची एक सुंदर परीक्षा आहे. एका तारेने ‘रीसेट’ ही पिन ‘ग्राउंड’ला जोडावी, म्हणजे मोठी चिप झोपी जाते. दुसऱ्या तारेने शून्य आणि एक क्रमांकाच्या पिना एकमेकींना जोडाव्या. मग आज्ञावलीतील ‘सीरियल मॉनिटर’ची खिडकी उघडून तीत काही अक्षरे टंकित करून पाठवावी. तीच अक्षरे विहिरीतल्या प्रतिध्वनीसारखी परत आली, तर केबल, ड्रायव्हर आणि दुभाषी चिप ही तिन्ही निर्दोष आहेत असे समजावे. मग दोष उरतो तो मोठ्या चिपेत, आणि ती बदलता येते. ते कसे, हे शेवटी येईल.

सर्व जुळून आले म्हणजे पहिला प्रयोग करावा. आज्ञावलीबरोबरच मिळणाऱ्या नमुन्यांत ‘ब्लिंक’ नावाचा नमुना आहे. तो उघडून चिपेत पाठवावा. पाठविताना दोन छोटे दिवे भराभर चमकतात आणि मग १३ क्रमांकाच्या पिनेजवळचा ‘एल’ अक्षराचा दिवा एक सेकंद लागतो, एक सेकंद विझतो. इतक्यावरच ‘झाले’ म्हणून उठू नये. नमुन्यातील प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. त्यात दोन भाग आहेत. ‘सेटअप’ हा भाग वीज आल्यावर एकदाच पाळला जातो, सकाळी उठल्यावर दार उघडावे तसा. ‘लूप’ हा भाग मात्र वीज असेपर्यंत रहाटगाडग्यासारखा फिरत राहतो. ‘डिले’पुढचा आकडा १००० आहे, तो मिलिसेकंदांत असतो. त्याचे १०० करून पाहावे. मग लागण्याचा आकडा ५० आणि विझण्याचा ९५० करावा. आकडा बदलला की दिव्याची चाल बदलते, हे स्वत:च्या डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढची वाट पुष्कळशी आपण होऊन चालते.

यानंतर बोर्डाबाहेरचा दिवा लावावा. त्यासाठी ‘ब्रेडबोर्ड’ हवा. पूर्वी पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळी पाव कापण्याच्या फळीवर खिळे ठोकून त्यांना तारा गुंडाळीत आणि मंडल जुळवीत. त्यावरून हे नाव पडले. हा नाद प्रथम आपल्याकडे लागला असता, तर त्याला पोळपाट म्हणावे लागले असते. असो. एलईडी नुसती पिनेला जोडू नये, वाटेत २२० ओहमचा रेझिस्टर घालावा. पिनेवर ५ व्होल्ट असतात, तांबड्या एलईडीत सुमारे २ खर्ची पडतात, उरलेल्या ३ ला २२० ने भागले की सुमारे १४ मिलिअँपिअर विद्युत्‌प्रवाह येतो. एका पिनेची सहनशक्ती अगदी टोकाची ४० मिलिअँपिअर आहे. व्यवहारात २० च्या पुढे जाऊ नये. शाळेत घोकलेला ओहमचा नियम येथे प्रथमच कामास येतो. छोटी मोटर पिनेवर थेट चालवावयाची नाही, हेही त्याच हिशेबाने ठरते. आणि भिंतीतील २३० व्होल्टच्या विजेशी या बोर्डाची गाठ मुलांनी मुळीच घालू नये, मग नमुना कितीही सोपा दिसो.

बाहेरून वीज द्यावयाची असल्यास ७ ते १२ व्होल्टचा, मधले टोक धन असलेला अडॅप्टर चालतो. पण घरात साठलेल्या अडॅप्टरांपैकी जो तोंडात बसेल तो लावण्याची आपली रीत येथे महागात पडते. अडॅप्टरवरची छापील चिठ्ठी वाचावी. शंका असेल तर यूएसबीवरच काम भागवावे.

दुसरा प्रयोग मला पहिल्याहून अधिक आवडतो. बाजारात ‘एलडीआर’ या नावाने एक नखाएवढा भाग मिळतो. त्यावर प्रकाश पडला की त्याचा विद्युत्‌रोध उतरतो. त्याचे एक टोक ५ व्होल्टला, दुसरे टोक अॅनालॉग शून्य या पिनेला जोडावे आणि त्याच पिनेपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा एक रेझिस्टर लावावा. येथेही जुन्या बोर्डाचा एक चकवा आहे. नवीन पुस्तके ‘ए०’ असे लिहितात, परंतु डुएमिलानोव्हेवर ‘अॅनालॉग इन’ या शब्दांखाली नुसते ०, १, २ असे आकडे छापलेले असतात, आणि समोरच्या रांगेत पुन्हा एक शून्य असते. ते शून्य वेगळे. चिप आपल्या अॅनालॉग पिनेवरचा दाब ० ते १०२३ या आकड्यांत मोजते, म्हणजे एक आकडा सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. ‘अॅनालॉगरीड’ने तो आकडा घेऊन ‘सीरियल’ आज्ञेने संगणकाकडे पाठवावा. दोन्हीकडे वेग ९६०० ठेवावा, नाहीतर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात.

हा बोर्ड खिडकीत ठेवून दर मिनिटाला एक आकडा नोंदवावा. पहाटेपासून दुपारपर्यंत आकडे चढत जातात. सूर्यावरून एखादा ढग सरकला, की नोंदीत लगेच खळगा पडतो. श्रावणातल्या ऊनपावसाच्या दिवशी हे आकडे कागदावर मांडले तर त्या दिवसाचे चित्रच तयार होते. घरातील आजीला विचारावे, ‘आता किती आकडा असेल?’ तिचा अंदाज दोनतीन दिवसांत बरोबर येऊ लागतो. एक मात्र लक्षात ठेवावे: संगणकावर ती खिडकी उघडली, की बोर्ड पुन:प्रारंभ होतो आणि चिपेने मनात धरलेली मोजणी शून्यावर येते.

लहान मुले लवकरच विचारतात, ‘दिवा लुकलुकत असताना बटण दाबले तर चिपेला का कळत नाही?’ प्रश्न फार मोलाचा आहे. ‘डिले’ म्हटल्यावर चिप खरोखरीच नुसती उभी राहते. त्या सेकंदात तिला बटण दिसत नाही. यावर उपाय ‘मिलिस’ या आज्ञेचा. वीज आल्यापासून किती मिलिसेकंद झाले, ते ती सांगते. म्हणजे दारात ताटकळत न बसता कामे करीत राहावयाचे आणि अधूनमधून घड्याळ पाहावयाचे. हे घड्याळ सुमारे ५० दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. या बाबतीत म्हातारा बोर्ड धाकट्यापेक्षा सरस आहे. डुएमिलानोव्हेवरील चिपेला काल देण्यासाठी १६ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक आहे. ऊनोच्या मुख्य चिपेला त्याऐवजी स्वस्त असा सिरॅमिक रेझोनेटर दिला गेला. त्यामुळे दिवसाकाठी जुन्याचे घड्याळ मोजकेच सेकंद चुकते, तर नव्याचे मिनिटांत चुकू शकते.

स्मृतीची काटकसर मात्र जुन्या बोर्डावर करावीच लागते. १६८ चिपेत १०२४ बाइट, बस्स. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरते. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला प्रचलित पद्धतीत तीन लागतात. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्तचिन्ह, क, काना आणि र अशी सात चिन्हे; म्हणजे २१ बाइट आणि शब्द संपल्याची खूण म्हणून एक, असे २२. दुसरे काहीही न ठेवता शेहेचाळीस नमस्कार केले, की चिपेची स्मृती भरली! मजकूर स्मृतीत न ठेवता आज्ञांच्या जागेतच ठेवण्याची युक्ती आहे. ती शिकण्याची गरज या बोर्डावर लवकर पडते, आणि ती शिकलेली मुले मोठ्या यंत्रांवरही सैल हाताने काम करीत नाहीत.

सर्वच कामांना हा बोर्ड पुरा पडेल असे नाही. २०२१ साली आलेल्या रास्पबेरी पाय पिकोत कामचलाऊ स्मृती २६४ किलोबाइट आहे, आणि २०२३ च्या ऊनो आर४ मध्ये तर चिपच ३२ बिटांची आहे. वायफायने काही पाठवावयाचे असेल, कॅमेरा जोडावयाचा असेल, बोलणे ओळखावयाचे असेल, तर सरळ नवीन बोर्ड घ्यावा. डुएमिलानोव्हे सेलवर चालविण्याचाही हट्ट धरू नये. नुसते दिवे आणि दुभाषी चिप सांभाळतानाच ९ व्होल्टची बॅटरी बहुधा एका दिवसाच्या आत संपते. परंतु पिको आणि तिच्या जातीचे पुष्कळसे नवीन बोर्ड ३.३ व्होल्टचे असतात आणि ५ व्होल्टच्या संकेताने त्यांचे पाय जळू शकतात. शिकणाऱ्या मुलाच्या चुका सोसण्याच्या कामी जुना बोर्ड अधिक दणकट.

तरीही एखाद्या दिवशी उलट जोडणीने चिप जळाली, तर बोर्ड टाकू नये. ती चिप सॉकेटमध्ये नुसती दाबून बसविलेली आहे. दुकानात ‘बूटलोडर भरलेली ३२८’ मागावी. कोरी चिप स्वस्त मिळते, पण तीत पहारेकरी नसतो आणि तो भरण्यासाठी दुसरा चालू बोर्ड लागतो. केबल काढून ठेवावी. चपटा स्क्रूड्रायव्हर जुन्या चिपेखाली एका टोकाने सरकवून थोडे उचलावे, मग दुसऱ्या टोकाने थोडे, असे आळीपाळीने. एकाच बाजूने ओढले तर पाय वाकतात. नव्या चिपेचे पाय बाहेर किंचित फाकलेले असतात; ती आडवी धरून टेबलावर हलकेच टेकवून ते सरळ करावे. चिपेच्या एका टोकाला अर्धचंद्राकृती खाच असते, तशीच सॉकेटलाही असते. दोन्ही खाचा एकाच दिशेला आणून, सर्व अठ्ठावीस पाय आपापल्या भोकांत उतरले आहेत हे पाहून, मगच दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यावा. १६८ जाऊन ३२८ आली असेल, तर यादीतील ‘प्रोसेसर’ बदलण्यास विसरू नये.